चौदाव्या रत्नावर हसलेल्या माझ्या पोलीस भरतीच्या पोरांना

पोरांनो, पोरींनो,

गेल्या गुरुवारी वाक्प्रचारांचा तास चालला होता. ‘चौदावे रत्न दाखवणे’ फळ्यावर लिहिलं आणि मी अर्थ विचारायच्या आधीच मागनं कुणीतरी ओरडलं, मॅडम, ह्ये तर आमचं कामच हाय की! अख्खा क्लास हसला. पोरी पण हसल्या. मी सवयीनं पुढं ‘मार देणे, चोप देणे’ लिहिलं आणि ‘छातीचा कोट करणे’ घेतलं. तास संपला, खडू-डस्टर जागेवर ठेवलं, गाडी काढली, विश्रामबागच्या सिग्नलला थांबले तरी ते हसणं काय डोक्यातनं जाईना. बारा वर्षं मी मराठी व्याकरण शिकवतेय तुमच्यासारख्या पोरांना आणि दर बॅचला या वाक्प्रचारावर हशा पडतोच, पण या वेळी पोटात कसंतरी झालं, कारण आदल्या रविवारी मी घरी ‘अर्धसत्य’ पाहिला होता आणि चार दिवस झाले तरी त्यातनं बाहेर आले नव्हते.

तुमच्यातल्या बहुतेकांनी हा पिक्चर बघितलेला नसणार. १९८३ चा आहे, तुमचे आईवडीलसुद्धा तेव्हा शाळेत असतील. गोविंद निहलानींनी काढला, पटकथा विजय तेंडुलकरांची आणि मूळ गोष्ट आपल्या मराठीतली, पानवलकरांची ‘सूर्य’ नावाची कथा. ओम पुरींना त्यातल्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेंडुलकरांनी सत्तरच्या दशकात नेहरू फेलोशिप घेऊन समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास केला होता, म्हणजे हा माणूस नुसता टेबलाशी बसून मारामारी लिहीत नव्हता. माणूस दुसऱ्या माणसावर हात का उचलतो हे त्यानं शोधत फिरून पाहिलं होतं आणि ते पिक्चर बघताना जाणवतं.

गोष्ट सांगते, कारण गोष्ट कळली म्हणून हा पिक्चर वाया जात नाही. अनंत वेलणकर नावाचा मुंबईत सब-इन्स्पेक्टर आहे. बाप पोलिसातलाच, कडक, मारकुटा. पोराला पुढं शिकायचं होतं, बापानं खाकीत घातलं. लहानपणी बाप आईला मारायचा आणि हा पोरगा नुसता बघत उभा असायचा. आता मोठा झालाय, प्रामाणिक आहे, रग आहे अंगात, गुंडांना आत टाकतो आणि वरनं फोन येतो की सोडा. पुन्हा पकडतो, पुन्हा वरचं दडपण. रामा शेट्टी नावाचा एक दादा आहे (सदाशिव अमरापूरकर, काय डोळे त्या माणसाचे), त्याला हात लावता येत नाही, उलट तो निवडणुकीला उभा राहतो. जिवावर उदार होऊन वेलणकर एक दरोडेखोर पकडतो आणि त्याचं श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला जातं. मग एका रात्री दारूच्या अमलात तो कोठडीतल्या एका भुरट्या चोराला मारतो, इतकं मारतो की तो मरतो. त्या चोरानं काय चोरलेलं, तर एक रेडिओ. आणि आता स्वतः वाचायचं असेल तर ज्याला आत टाकायला निघाला होता त्या रामा शेट्टीच्याच दारात त्याला जावं लागतं. शेवटाचं सांगत नाही, तेवढं तुमच्यासाठी ठेवते.

मला हलवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. पिक्चरमध्ये बसमधला एक प्रसंग आहे, एक जण बाईला त्रास देतो आणि वेलणकर त्याला तिथंच धरून हाणतो. खरं सांगते, मला बरं वाटलं. बाई म्हणून बसमधनं, एसटीतनं वीस-पंचवीस वर्षं ये-जा केलीय सांगली-तासगाव, असा कुणीतरी एकदा तरी उठायला पाहिजे होता असं वाटलेलं आहे कितीदा. तोंडातनं ‘हाण’ असं आलं माझ्या, एकटीच होते तरी. पुढं गुंडांना मारतो तेव्हाही मी त्याच्याच बाजूनं होते. आणि तोच हात, तीच ताकद, तोच चेहरा त्या रेडिओचोरावर सुटला तेव्हा मला कळलं की मघाशी ‘हाण’ मीच म्हटलं होतं. मी पिक्चर तिथंच बंद केला. लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच ओटा पुसत बसले.

तुम्हाला माहीत आहे की नाही, मी पोलीस लाईनीत वाढले. आबा, म्हणजे माझे वडील, हवालदार म्हणून रिटायर झाले. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, सार्वजनिक नळ, आणि लाईनीतल्या सगळ्या घरांत एकच घड्याळ, ते म्हणजे ड्युटी. आमच्या घरात दाराशेजारी खिळा होता टोपीचा. आबा आले आणि टोपी खिळ्याला लागली की सगळं ठीक, आम्ही अभ्यासाची पुस्तकं पुढं ओढायचो. टोपी कॉटवर भिरकावली गेली की मी आणि दादा मागच्या दारानं मोरीकडं. आई एकटी पुढं राहायची. हे कुणी शिकवलं नव्हतं, सात-आठ वर्षांच्या पोराला पण ते बरोबर कळतं.

सातवीत होते तेव्हाची एक रात्र आहे. मिरजेच्या विसर्जनाचा बंदोबस्त होता. तुम्ही मिरवणूक बघायला जाता, कमानी बघता, नाचता, पण रस्त्याच्या कडेला जो उभा असतो त्याला दुसरा दिवस उजाडला तरी बसायला मिळत नाही, लघवीला जायचं तरी कुणाला तरी सांगून जावं लागतं. त्या बंदोबस्तात कुठल्यातरी साहेबानं आबांना मंडळाच्या पोरांपुढं आईवरनं शिवी दिली होती. हे आम्हाला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की टोपी कॉटवर पडली आणि दादाला मोरीकडं जायला उशीर झाला. त्याचा गुन्हा काय, तर त्यानं सहलीचे पैसे मागितले. पट्टा कमरेचा निघाला. पितळेच्या बकलाचा तो पट्टा होता, दादाच्या पाठीवर ते चौकोनी बकल उमटलं होतं, कोपऱ्यांसकट, मी हळद लावताना मोजले होते कोपरे. आई मधी पडली, तिच्या कोपराला लागलं.

आणि सकाळी उठून बघते तर आबा पडवीत बसून ब्रासोनं ते बकल घासत होते. रोजच घासायचे, पण त्या दिवशी किती वेळ घासत होते. फडकं काळं झालं तरी घासत होते. माझ्याकडं बघितलं नाही. मी दप्तर घेतलं आणि त्यांच्या बाजूनं निघून गेले.

हाच माणूस २००५ च्या पुरात चार दिवस घरी आला नाही, छातीएवढ्या पाण्यात उभा राहून लोकांच्या म्हाताऱ्या-कोताऱ्या नावेत बसवत होता, पाय पाण्यानं कुजले होते त्याचे. हे पण खरं आहे. मी आबांना वाईट ठरवायला हे लिहीत नाही, त्यांना विचारून लिहितेय. ते म्हणाले, लिही, ठाण्याचं नाव घालू नको, माणसांची नावं घालू नको, माझं काय लिहायचं ते लिही.

विचारायची वेळ कशी आली ते सांगते. मंगळवारी रात्री मी तो पिक्चर परत सुरू केला, जिथं बंद केला होता तिथनंच. म्हटलं अर्धवट सोडलं तर जास्त छळेल. आबा आतल्या खोलीत झोपलेले असतात नऊ वाजता, पण मारण्याचा आवाज ऐकून उठून आले. मला वाटलं आवाज कमी कर म्हणतील. चष्मा न घालता दारात उभे राहिले, मग खुर्ची ओढून बसले. कोठडीचा प्रसंग संपला तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

“बाकीचे कुठं हायत?”

मला कळेना. म्हटलं कोण बाकीचे?

“ठाण्यातले. ड्युटीवर असतील की कोणतरी. ते कुठं हायत?”

मी इतका वेळ वेलणकरकडं बघत होते, त्याच्या बापाकडं, त्या शेट्टीकडं. आबांनी चौतीस वर्षं ठाणं बघितलेलं, त्यांना दाराबाहेरची माणसं दिसत होती. कोठडीच्या भिंती काय एवढ्या जाड नसतात. ठाणे अंमलदार असतो, वायरलेसवाला असतो, गार्ड असतो, चहावाला पोरगा असतो. ऐकू सगळ्यांना येतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं, आईला पण माहीत नव्हतं. एका तालुक्याच्या गावी पोस्टिंग होतं, तरणे होते. हळदीचं पोतं चोरीला गेल्याची तक्रार आली, हळकुंडांचं भरलेलं पोतं, व्यापारी वजनदार होता, साहेबावर वरनं प्रेशर की रिकव्हरी दाखवा. हमाली करणारा एक पोरगा उचलून आणला, वीस-एकवीस वर्षांचा. साहेबांनी आबांना सांगितलं, तुझा हात बघू आज. नवीन माणसाचा हात बघतात म्हणे, परीक्षा असते ती एक प्रकारची, त्यात मागं सरला की पुढं सगळी नोकरी त्याला बायकी म्हणून हिणवतात. आबांनी मारलं. पोरगा पहिल्यांदा नाही नाही म्हणत होता, मग आई आई करत होता, मग काहीच म्हणत नव्हता, आणि शेवटी म्हणाला, घेतलं मीच घेतलं. दोन दिवसांनी ते पोतं त्याच व्यापाऱ्याच्या शेजारच्या गाळ्यात सापडलं, मोजणीत चूक झाली होती. पोराला सोडून दिलं. कागदावर त्याला कधी आणलेलंच नव्हतं त्यामुळं कागदावर सोडायचं पण कारण नव्हतं. त्याच्या एका कानानं ऐकू येणं गेलं. पुढं बरीच वर्षं तो एसटी स्टँडबाहेर शेंगा विकायचा आणि आबा त्या गावी गेले की स्टँडच्या मागच्या बाजूनं जायचे.

“आम्ही पाच जण होतो त्या रात्री,” आबा म्हणाले. “एक जण रजिस्टर लिहीत होता. दोघं चहा पीत होते. एकानं रेडिओ मोठा केला. त्यातल्या कुणी एकानं नुसतं म्हटलं असतं, बास झालं आता, तर मी थांबलो असतो. मला थांबायचंच होतं गं. पण कुणी म्हणंना आणि आपण आपलं कसं थांबायचं ते मला कळंना.”

मी पिक्चर पुढं चालू केला नाही त्या रात्री. ते उठून झोपायला गेले, मी तशीच बसून राहिले.

आता तुम्हाला हे का सांगतेय. तुम्ही पहाटे पाचला ग्राउंडवर असता, थंडीत, धुक्यात, १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत बसवायला जीव काढता. ७.२६० किलोचा गोळा टाकून टाकून खांदे सुजतात. पोरी ८०० मीटर पळतात आणि मग घरी जाऊन भाकऱ्या थापून क्लासला येतात. कुणाचा बाप ऊसतोडीला आहे, कुणाची आई द्राक्षबागेत रोजानं जाते, कुणाच्या घरी पाच वर्षं झाली तरी पोरगा लागंना म्हणून बोलणी बसतात. खाकी म्हणजे तुमच्यासाठी घर वर येणं आहे. मला ते माहीत आहे, माझं घर पण त्या पगारावरच वर आलं. त्यामुळं पोलिसात जाऊ नका असं मी कधीही म्हणणार नाही. उलट तुमच्यासारखीच पोरं जायला पाहिजेत, जी स्वतः कधीतरी ठाण्याच्या पायरीवर घाबरून बसलेली आहेत, ज्यांच्या बापाला ‘ए चल बाजूला हो’ असं कुणीतरी म्हटलेलं आहे.

पण तुम्ही तयारी कशाची करताय, तर छाती फुगवायची. तुमच्या स्टेटसला काय असतं मी बघते. खाकी, दांडकं, मागं डायलॉग, ‘आता सुट्टी नाही’. पिक्चरमधला इन्स्पेक्टर दार तोडून आत येतो, बदडतो, आणि तुम्ही टाळ्या वाजवता. त्या पिक्चरमध्ये मार खाणारा नेहमी दोषी असतो, आधीच ठरलेलं असतं. हळदीचं पोतं शेजारच्या गाळ्यात सापडत नाही कधी.

‘अर्धसत्य’ मध्ये दिलीप चित्र्यांची एक कविता येते, पिक्चरचं नाव त्या कवितेवरनंच. चक्रव्यूहात शिरायच्या आधी मी कोण होतो, कसा होतो असं विचारणारी. त्यात शेवटी तराजू आहे. एका पारड्यात नपुंसकता, दुसऱ्या पारड्यात पौरुष, आणि काट्यावर अर्धसत्य. मार्केट यार्डात ज्यांनी काटा बघितलाय त्यांना हे लगेच कळेल. वेलणकरला वाटतं की बापापुढं, साहेबापुढं, शेट्टीपुढं आपण कमी पडलो, हे पारडं खाली गेलं, मग दुसऱ्या पारड्यात काहीतरी टाकलं पाहिजे. आणि टाकायला हाताशी कोण सापडतं? रेडिओचोर. आमच्या घरी सहलीचे पैसे मागणारा दादा. वरनं खाल्लेली शिवी खालच्याच्या अंगावर उतरते, ती वर कधी जात नाही, कारण वर जायचा रस्ता कुणी शिकवलेलाच नसतो. मी एवढी पुस्तकं वाचली, पण हे मला त्या दोन-सव्वादोन तासांत जितकं उघडं दिसलं तितकं कधी दिसलं नव्हतं. आबांनी दादाला मारलं त्याचं कारण दादा नव्हताच. पस्तीस वर्षांनी कळलं. दादाला फोन करून सांगितलं तर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, मला ते तेव्हापण माहीत होतं, पण पाठ माझी होती ना.

थोडं व्याकरण. सवय आहे, सोडवत नाही. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’, महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीद, परीक्षेला येतं म्हणून तुम्ही पाठ केलंय, काही जणांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. चतुर्थी विभक्ती, सज्जनांच्या रक्षणासाठी, दुष्टांच्या निग्रहासाठी. आता निग्रह या शब्दाचा अर्थ बघा. निग्रह म्हणजे आवरणं, रोखून धरणं, ताब्यात ठेवणं. आपण मनोनिग्रह म्हणतो, इंद्रियनिग्रह म्हणतो, त्यात कुणी मनाला पट्ट्यानं मारत नाही. म्हणजे दुष्टाला आवरायचं असेल तर तोच शब्द आधी स्वतःच्या हाताला लागू होतो. मी बारा वर्षं हा शब्द नुसता विभक्तीसाठी शिकवला, अर्थाशी थांबले नाही, ही माझी चूक आहे आणि ती मी या बॅचपासून दुरुस्त करतेय.

आणि तुम्हाला बरोबर येणारे प्रश्न. अटक केलेल्या माणसाला किती तासांत मॅजिस्ट्रेटपुढं हजर करायचं? २४. सगळे एका सुरात सांगता, राज्यघटनेचं अनुच्छेद २२. पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालतो का? नाही, इंग्रजांच्या काळापासून नाही, आणि आता नव्या साक्ष अधिनियमातही ते कलम तसंच आहे. म्हणजे त्या पोरानं मार खाऊन जे ‘घेतलं मीच घेतलं’ म्हटलं त्याला कायद्यानं काडीची किंमत नव्हती, सगळं कशासाठी झालं मग? मारून कबुली घेणं हा स्वतःच गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३३० होतं, आता न्याय संहितेत १२०. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये डी. के. बसू यांच्या खटल्यात सांगून ठेवलंय की अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी पाहिजे, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीनं पाहिजे, नातेवाइकाला कळवलं पाहिजे, कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी पाहिजे. २०२० मध्ये त्याच कोर्टानं प्रत्येक ठाण्यात लॉकअपसकट सीसीटीव्ही लावायला सांगितले. हे सगळं तुम्हाला एक-एक मार्काला येतं. मला फक्त एवढं पाहिजे की रात्री दोन वाजता, लाईट पिवळी असताना आणि साहेब चिडलेले असताना, हेच उत्तर आठवावं.

सांगलीत राहून हे लिहिताना २०१७ चा नोव्हेंबर डोळ्यापुढं येतोच. आपल्या शहरात एका तरुणाचा कोठडीतल्या मारहाणीत मृत्यू झाला आणि प्रेत आंबोलीत नेऊन जाळलं, असा आरोप पोलिसांवरच आला, खाकीतली माणसं अटकेत गेली, लोक रस्त्यावर उतरले. कोर्टाचं काम कोर्टाचं, मी त्यावर काही बोलत नाही. पण त्या आठवड्यात आमच्या घरी आबांनी पेपर उघडला नाही. घडी तशीच टीपॉयवर पडून होती रोजची, आणि मला तेव्हा वाटलं की खात्याची बदनामी झाली म्हणून वाईट वाटलं असेल. आता कळतंय की ते काय वाचायला घाबरत होते.

पोरांनो, तुमची भरती झाली, तुरचीला किंवा दुसऱ्या कुठल्या सेंटरला ट्रेनिंग झालं, पहिलं पोस्टिंग मिळालं की तुम्ही लगेच कोठडीत मारणारे नसणार. तुम्ही आधी बाहेर असणार. रजिस्टर लिहिणारे, चहा आणणारे, दारावर उभे. वर्ष-दोन वर्षं तुम्ही फक्त ऐकणार. तेवढ्यात कान तयार होतो. पहिल्या वेळी जेवण जात नाही, पाचव्या वेळी जातं, विसाव्या वेळी रेडिओचा आवाज आपणच वाढवतो. आणि मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, तुझा हात बघू. ‘साहेब, बास झालं’ हे तीन शब्द तोंडातनं काढायला किती ताकद लागते मला कल्पना आहे, नोकरीचा प्रश्न असतो, बदलीचा असतो, सीआर, म्हणजे गोपनीय अहवाल, खराब करतात. शब्द नाही काढता आले तर निदान स्टेशन डायरीला नोंद घाला, डॉक्टरी तपासणीची वेळ झाली म्हणून दार वाजवा, त्याची आई बाहेर बसलीय म्हणून सांगायला आत जा. काहीही करून त्या खोलीचं दार एकदा उघडा. आबा सांगतात, दार उघडलं तरी माणूस भानावर येतो.

पोरींना एक वेगळं सांगायचंय. तुम्ही पण हसलात त्या दिवशी, आणि मला कळतं का. पुरुषांच्या मधी टिकायचं तर त्यांच्याइतकंच मोठ्यानं हसायला लागतं. पिक्चरमध्ये ज्योत्स्ना आहे, स्मिता पाटील, कॉलेजात शिकवते, तिला वेलणकर आवडतो पण त्याच्यातली ती मारहाण बघून ती हळूहळू लांब जाते. ती मोठमोठ्यानं भांडत नाही, तिच्या चेहऱ्यावर नुसतं दिसत राहतं की हिला आता याची भीती वाटायला लागलीय. माझ्या आईचा चेहरा मला तसा आठवतो. तुम्ही तर दुहेरी असणार, खाकी पण तुमच्या अंगावर आणि घरी कदाचित नवरा पण खाकीतला. तुम्ही त्या हसण्यात सामील होऊ नका, एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी तुम्ही माझ्यापेक्षा शहाण्या आहात.

येत्या रविवारी सकाळी ग्राउंड झाल्यावर आठला क्लासच्या हॉलमध्ये मी हा पिक्चर लावणार आहे. माझ्याकडं त्याची जुनी डीव्हीडी आहे, प्रोजेक्टर सरांनी दिलाय. पंख्याखाली सतरंजी टाकू, येताना पाण्याची बाटली आणा, नाष्ट्याला भडंग मी आणते. सक्ती नाही, ज्यांची शिफ्ट असते त्यांनी येऊ नका, त्यांच्यासाठी परत लावेन. मधी उठून जावंसं वाटलं तर जा, मी पण गेले होते. मोबाईल मात्र बाहेर ठेवा.

आबा येणार आहेत. त्यांनीच विचारलं, मी आलो तर चालंल का. शेवटाचं त्यांनी अजून बघितलेलं नाही, तुमच्याबरोबरच बघतील. मागच्या भिंतीला खुर्ची टाकायची आहे त्यांच्यासाठी, गुडघ्यांमुळं खाली बसता येत नाही आणि ऐकायला थोडं कमी येतं, तेव्हा काही विचारायचं असेल तर उजव्या बाजूनं आणि मोठ्यानं विचारा.

‘छ’ पासूनचे वाक्प्रचार सोमवारी, नेहमीच्या वेळेला.

तुमच्या मराठीच्या मॅडम,
सांगली